रेझिडेंट ईव्हिलची भीती नेमकी कुठे सांडली?

रात्रपाळी_मिरज
शनिवार, रात्री २:४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

१९९९ सालची गोष्ट. दहावीची परीक्षा संपलेली. आमच्या घरामागच्या बोळात एका काकांनी पुढच्या खोलीत दोन टीव्ही आणि दोन प्लेस्टेशन मांडून पार्लर काढलं होतं. तासाला १५ रुपये, अर्ध्या तासाला १०. बाकीची पोरं फुटबॉल नाहीतर मारामारीच्या गेमवर तुटून पडायची, आणि मी नि माझा एक मित्र कोपऱ्यातल्या टीव्हीवर पहिला रेझिडेंट ईव्हिल, म्हणजे झॉम्बींनी, चालत्या मढ्यांनी भरलेल्या वाड्यातून वाट काढायचा भीतीचा गेम, लावून बसायचो. दोघांचे मिळून १५ रुपये, एक मेला की दुसऱ्याने घ्यायचं.

अडचण एकच होती. काकांकडे मेमरी कार्ड एक, आणि ते त्यांच्या पोराचं. त्याला हात लावायचा नाही. म्हणजे सेव्ह नाही. गेममध्ये सेव्ह करायचा टाइपरायटर दिसायचा, शाईची रिबन सापडायची, आणि आम्ही ती नुसती बघून पुढे जायचो. त्यामुळे रोज मुळापासून सुरुवात. तो मोठा दिवाणखाना, जेवणाची खोली, तिथलं घड्याळ, बाजूचं दार, आणि बोळाच्या टोकाला पाठमोरा वाकून काहीतरी खात बसलेला तो. मग सावकाश मान वळवून आपल्याकडे बघायचा. त्या वाड्यातला पहिला तास मी पन्नासएक वेळा तरी खेळलो असेन. दुसरा तास फार तर तीनदा. शेवट आजवर पाहिलेला नाही.

आणि तरीही, कुत्री काच फोडून आत येतात त्या बोळात मी दर वेळी दचकायचो. कुठल्या खिडकीतून येणार ते पाठ होतं. पाऊल किती टाकल्यावर येणार तेही पाठ. तरी बोटं बटणावरून घसरायचीच. काका आतून ओरडायचे, "कंट्रोलर आपटू नको रे!"

पुढे आयटीआय, कारखाना, शिफ्ट, लग्न. गेम सुटला तो सुटलाच.

गेल्या महिन्यात बहिणीचा मुलगा सुट्टीला राहायला आला. अकरावीत आहे. येताना पीएस फोर घेऊन आला आणि त्यात रेझिडेंट ईव्हिल पाच आणि सहा. मला वाटलं, देव पावला. रात्री बायको झोपल्यावर दिवे घालवून बसलो दोघं. पडदा मधोमध दुभागलेला, वर तो, खाली मी. आणि समोर काय, तर आफ्रिकेतलं टळटळीत ऊन!

"मामा, गोळ्या आहेत का?"
"घे."
"मामा, हिरवा पाला दे ना, मरतोय."
"तू मघाशीच खाल्लास ना एक?"

असं चार रात्री चाललं. खोटं कशाला बोलू, मजा आली. भाच्याबरोबर इतकं कधी हसलो नव्हतो. शेवटी ज्वालामुखीत तो नायक ख्रिस एका भल्यामोठ्या दगडाला बुक्क्या मारायला लागला तेव्हा पोरगं गादीवर लोळायचं बाकी राहिलं. पण नंतर अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, चार रात्रींत एकदाही पाठीमागे वळून बघावंसं वाटलं नाही. सहावा लावला, त्यातल्या चार कथानकांपैकी लिऑन नावाच्या नायकाचं संपवलं आणि थांबलो. तो गेम आहे की लांबलेला पाठलाग, तेच कळेना.

तर जाणकारांना विचारतोय. हे झालं कधी? कोणी केलं? चौथा भाग म्हणे सगळ्यांत भारी, आणि चौथ्यानेच मालिकेची वाट लावली असंही म्हणतात, आणि पुष्कळदा दोन्ही एकच माणूस म्हणतो. का मीच चाळिशी ओलांडल्यामुळे निबर झालोय? आणि आता पुढे काय खेळू? भाचा परत गेला, पण मशीन महिनाभरासाठी माझ्याकडे ठेवून गेलाय.

---

फुकटचा_सल्ला
शनिवार, सकाळी ९:१५

सहावा लिऑननंतर बंद केलात, कुलदैवताची कृपा समजा. पुढे ख्रिसचं कथानक आहे, त्यात तुम्ही सैन्यात भरती होता.

चौथ्याबद्दल मात्र एक शब्द ऐकून घेणार नाही. अख्ख्या गावाच्या अंगात किडे शिरलेत, लोक कोयते घेऊन फिरताहेत, आणि तो व्यापारी कोटाची दोन्ही पाखं उघडून "काय घेणार?" विचारत उभा. धंदा असा करावा.

---

टंकलेखिका
शनिवार, दुपारी ४:०५

रात्रपाळी, तुमचा धागा वाचून बँकेच्या वेळेत हसू आवरत नव्हतं. बँक म्हणजे पतसंस्था. मी तिथे हिशेब बघते, आणि धंद्याची सवय म्हणून मला हा सगळा प्रकार जमा-खर्चातच दिसतो. कोणाला हसायचं असेल तर हसा.

आधी माझ्या नावाचं सांगते. चिपळूणला माझ्या आत्याचा टायपिंगचा क्लास होता. बारा मशीनं, सगळी मराठी-इंग्रजी तीस-चाळीसच्या परीक्षेसाठी. रिबन महाग पडते म्हणून आत्या एकच रिबन उलटसुलट करून इतकी वापरायची, की शेवटी अक्षर आहे का नुसता खड्डा आहे ते कागद उजेडात धरून बघावं लागायचं. नवी रिबन कपाटात कुलपात. त्यामुळे चुलतभावाकडे पहिल्यांदा हा गेम बघितला आणि त्यात सेव्ह करायला शाईची रिबन लागते, एकदा टाइप केलं की एक रिबन संपते, हे कळलं, तेव्हा मला ते अजिबात विचित्र वाटलं नाही. हा गेम कोणीतरी माझ्या आत्याने बनवलाय असंच वाटलं.

आता हिशेब. पहिल्या भागात जिल नाहीतर ख्रिस होऊन खेळायचं. सामान ठेवायला जिलकडे आठ कप्पे, ख्रिसकडे सहा. पिस्तुलाला एक, त्याच्या गोळ्यांना एक, पाल्याला एक, दाराच्या किल्लीला एक, रिबन न्यायची तर तिला एक. म्हणजे वाड्यात पाऊल टाकायच्या आधीच घर भरलेलं. आणि मुख्य मुद्दा हा की मेलेला झॉम्बी काही देत नाही. शून्य. त्याच्यावर घातलेल्या गोळ्या निव्वळ खर्च. म्हणून शहाणा माणूस त्याला वळसा घालून जातो, आणि वळसा घालून गेला की तो मागे जिवंत, म्हणजे चालता राहतो, आणि परत याच बोळातून यायचंय हे डोक्यात राहतं. तुम्ही दचकायचात ते कुत्र्यांमुळे, कबूल. पण बाकीच्या तासभर पोटात जो गोळा असायचा ना, तो या उधारीचा.

२००२ मध्ये मूळ दिग्दर्शक शिंजी मिकामींनीच पहिला भाग निन्टेंडोच्या गेमक्यूब मशीनसाठी नव्याने बनवला, त्यात तर ही उधारी आणखी कडक केली. झॉम्बी मारला आणि तसाच टाकला, डोकं उडालं नाही किंवा जाळला नाही, तर काही वेळाने तो लाल होऊन उठतो आणि धावत येतो. जाळायला रॉकेल लागतं. बाटलीत दोनदाच पुरेल एवढं मावतं. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहिलेल्या माणसाला वेगळं काही समजवायला नको. म्हणजे मारणं हाही खर्च, न मारणं हाही खर्च, आणि मारून टाकलेल्याला मेलेला ठेवण्याचा पुन्हा वेगळा खर्च.

आता चौथा. जानेवारी २००५. गावकऱ्याला गोळी घातली, तो पडला, आणि त्याच्या जागी काय चमकतंय? गोळ्यांची पेटी. नाहीतर पेसेता, म्हणजे तिथले पैसे. गेम तुमच्या पेटीत हळूच डोकावतो, शॉटगनची काडतुसं संपत आली असतील तर पुढचा मेलेला ती देतो. पैसे साठले की व्यापाऱ्याकडे बंदूक सुधारून घ्यायची. खातं उलटं झालं. जो खर्च होता तो उत्पन्न झाला. मग वळसा कोण घालणार? वसुलीला आल्यासारखे आपणच शोधत जातो त्यांना.

एक गंमत. चौथ्यात झॉम्बी नाहीतच मुळी. ती जिवंत माणसं आहेत, आत परजीवी शिरलेली. पण मराठीत झोंबी म्हणजे झटापट, अंगाला अंग भिडणं, आणि ती खरी चौथ्यापासून सुरू झाली. गुडघ्यावर गोळी, मग धावत जाऊन लाथ.

मग चौथ्याची भीती गेली का? माझी नाही गेली. कारण लिऑन चालता चालता गोळी मारू शकत नाही. बंदूक उचलली की पाय जमिनीत रोवलेले. समोरचे सावकाश येताहेत, मागून कोण येतंय ते दिसत नाही, कारण कॅमेरा खांद्यामागे. पूर्वीच्या भागांत कॅमेरा भिंतीला चिकटलेला असायचा, पुढचा कोपरा लपवायचा, आणि त्या कोपऱ्यातून पाय घासत येणाऱ्याचा नुसता आवाज यायचा. मिकामींनी पुढचा आंधळेपणा काढून घेतला आणि मागचा दिला. त्या पहिल्या गावात करवतीचा आवाज सुरू झाला की मी अजून शिडी शोधते. ती करवत मानेला लागली की पाला वगैरे काही चालत नाही, थेट शीर वेगळं.

आणि तो रीजनरेटर नावाचा राक्षस. प्रयोगशाळेतला. त्याचा श्वास ऐकू येतो आधी. ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही त्यांचं मी वाटोळं करत नाही.

तुमचा पाचवा मार्च २००९ चा. कॅमेरा तोच, पाय तसेच रोवलेले, नियम जवळजवळ सगळे चौथ्याचे. उलट एका बाबतीत पाचवा कडक आहे. चौथ्यात पेटी उघडली की जग थांबतं, पाचव्यात नऊ कप्पे आणि ते उघडले तरी समोरचा कुऱ्हाड घेऊन येतच राहतो. कागदावर बघितलं तर भीती वाढायला हवी होती. पण तुम्हीच लिहिलंय की ती का नाही वाढली: "मामा, गोळ्या आहेत का?" उधार द्यायला माणूस बाजूला बसला, की कर्जाची भीती संपली.

सहाव्यात तर पायही सुटले. पळत गोळी मार, घसरत मार, पाठीवर पडून मार. तिथे मला लिहिण्यासारखं काही नाही.

पैशाचं कारणही आहेच. २०१२ मध्ये हे गेम काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीचेच एक निर्माते, मासाचिका कावाता, उघड म्हणाले होते की भयपटासारख्या गेमची बाजारपेठ कॉल ऑफ ड्यूटीसारख्या लढाईच्या गेमच्या मानाने फार लहान आहे, आणि अमेरिकेत खपायचं तर ॲक्शनकडे जावं लागेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सहावा आला. पहिल्या खेपेलाच ४५ लाख प्रती दुकानांत पाठवल्या. वर्षाचं उद्दिष्ट ७० लाखांचं ठेवलं होतं, ते नंतर खाली आणावं लागलं. आमच्याकडे असं उद्दिष्ट ठेवलं असतं तर मॅनेजरला वार्षिक सभेत बोलू दिलं नसतं.

काय खेळायचं ते रात्री लिहिते, आता गिऱ्हाईक आलंय.

---

ठाणे_स्लो
शनिवार, रात्री ८:३०

टंकलेखिकाताई, हिशेब चोख आहे. पण तुमच्या वहीत एक नोंद राहिली असं मला वाटतं.

कॅमेरा भिंतीला का चिकटलेला होता? कारण पहिल्या प्लेस्टेशनला तो वाडा फिरता दाखवणं झेपणारं नव्हतं. मागचं चित्र आधीच रंगवून ठेवलेलं, त्यावर फक्त माणसं हलतात. दार उघडताना ती काळी पाटी आणि किरकिरणारं दार का? आत पुढची खोली लोड होतेय ते झाकायला. जी ती "पूर्वीची भीती" म्हणून आपण डोळे पुसतो, त्यातली अर्धी यंत्राची गरिबी होती. मिकामी आणि मंडळी हुशार, त्यांनी गरिबीचा दागिना केला. पण २००२ पर्यंत तोच दागिना घालून सहा वर्षं झाली होती. दोन, तीन, कोड व्हेरोनिका, झिरो, सगळे याच मालिकेतले. लोक कंटाळले होते. मी स्वतः कंटाळलो होतो. झिरो माझ्याकडून पुरा झाला नाही.

आणि ज्या २००२ च्या आवृत्तीची तुम्ही एवढी तारीफ केलीत (योग्यच), ती अपेक्षेइतकी खपली नाही. चौथा ॲक्शनकडे वळवला तो त्यामुळेच, असं मिकामींनी पुढे मुलाखतीत सांगितलंय. म्हणजे ज्यांनी रॉकेल मोजून दिलं त्यांनीच दुकानाचं लायसन्स बदललं. तेही सहजासहजी नव्हे. चौथ्याचा एक मसुदा इतका भरकटला की त्याचा वेगळाच गेम झाला, २००१ चा डेव्हिल मे क्राय. दुसरा एक मसुदा २००३ च्या ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनात दाखवला होता, त्यात लिऑन एका काळोख्या वाड्यात आणि हातात लोखंडी हुक घेतलेलं एक भूत त्याच्या मागे. भीतीचाच होता तो. रद्द केला.

शिवाय ॲक्शन चौथ्याच्या आधी नव्हती असं कोण म्हणतो? पहिल्या भागाचा शेवट काय आहे? (रात्रपाळी, तुम्ही डोळे मिटा.) छपरावर रॉकेट लाँचर. तिसऱ्यात पाठलाग करणाऱ्या नेमेसिस राक्षसाला चुकवायचं बटण आलं, बारूद मिसळून गोळ्या घरी करायची सोय आली. गोळ्यांचा कारखाना खिशात आल्यावर कसली आलीय काटकसर.

आणि पाचव्यावर राग धरू नका. मी आणि माझा रूमपार्टनर, पनवेलची एक खोली, पंखा बंद, २०१० चा मे महिना. त्या गेममधल्या मर्सिनरीज प्रकारात, म्हणजे ठराविक वेळात जमतील तेवढे शत्रू मारायच्या खेळात, आम्ही जितके तास घातले तितके अभ्यासात घातले असते तर आज ठाण्याला स्लो पकडायची वेळ आली नसती. भीती नव्हती. पण आजही तो भेटला की बोलणं त्याच्यावरच येतं.

हे दुखणं एकट्या कॅपकॉमचं नाही, हे मात्र मान्य. डेड स्पेस बघा, दुसऱ्या कंपनीचा अंतराळातला भीतीचा गेम. २००८ मध्ये इशिमुरा जहाजावर एकटा आयझॅक, हातात खाणकामाची हत्यारं, नेम डोक्यावर नव्हे तर हातापायांवर धरायचा. २०१३ चा तिसरा भाग: जोडीदार आला, आणि सगळ्या बंदुकांना एकच गोळी चालायला लागली. ताई, तुमच्या भाषेत सगळी खाती एकत्र केली! त्यानंतर चौथा आलाच नाही, आणि २०१७ मध्ये तो स्टुडिओच बंद झाला.

---

टंकलेखिका
शनिवार, रात्री ११:२०

ठाणे_स्लो, यंत्राची गरिबी मान्य. आत्याची रिबनसुद्धा गरिबीचीच होती. पण पुढे कॉम्प्युटर आल्यावरही तिने शिकवलेली पोरं एका पानात चूक करत नसत, आणि आम्ही बॅकस्पेसवाले बघा.

माझ्या वहीत राहिलेली नोंद तुमच्याही वहीत नाही: २०१९ मध्ये नव्याने केलेला दुसरा भाग. यंत्र श्रीमंत. कॅमेरा खांद्यामागे, चौथ्यासारखाच. चालताना गोळीही मारता येते. म्हणजे ज्या ज्या गोष्टींवर लोक खापर फोडतात त्या सगळ्या हजर. आणि तरी पोलीस ठाण्याच्या वरच्या मजल्यावर त्या टोपीवाल्याची, मिस्टर एक्सची, धप धप पावलं ऐकू आली की मी कप्पे लावायचे सोडून श्वास धरते. का? कारण झॉम्बी पुन्हा काही देईनासे झाले. डोक्यात तीन गोळ्या घातल्या तरी उठतील की नाही सांगता येत नाही. मिस्टर एक्सला मारताच येत नाही, त्याच्यावर केलेला सगळा खर्च बुडीत. आणि सगळ्यांत कठीण पातळीवर खेळलात तर सेव्ह करायला काय लागतं? शाईची रिबन. मी तेव्हा आत्याला फोन केला होता. तिला काही कळलं नाही, पण बरं वाटलं तिला.

सातव्याचंही तेच, जानेवारी २०१७. लुइझियानातलं बेकर कुटुंबाचं घर, डोळ्यांतून दिसतं तेवढंच दिसतं, शत्रू मोजके, आणि घर पुन्हा पहिल्या वाड्यासारखं, दारं आणि किल्ल्या. सेव्ह टेपरेकॉर्डरवर. सर्वांत कठीण पातळीवर तिथेही कॅसेट खर्च होते. आठवा, व्हिलेज, २०२१ चा, त्यात बेनेव्हिएंटोच्या घरात शिरताच सगळी हत्यारं काढून घेतात. तो एक तास मी दिवसाउजेडी खेळले, आई शेजारी मटार सोलत असताना, तरीसुद्धा. मग त्याच गेमच्या शेवटी कारखाना आणि धडाधड गोळीबार. आता नवव्यात, रिक्विएममध्ये, त्यांनी सरळ वाटणी केलीय, घाबरायला ग्रेस आणि मारायला लिऑन. वाटणीपत्र झालं की भांडण मिटतं असं नाही, पण निदान सातबारा वेगळे झाले.

रात्रपाळी, तुमच्यासाठी मात्र मी सातवा सांगणार नाही. २००२ ची आवृत्ती घ्या. २०१५ मध्ये ती साफसूफ करून परत काढली, पीएस फोरवर मिळते, सेल लागला की फार महाग नसते. वाडा तुमचाच आहे. जिल घ्या, दोन कप्पे जास्त मिळतात. कंट्रोल नवे-जुने दोन्ही आहेत, जुनेच ठेवा.

एकच विनंती. रात्री एकट्याने खेळा. भाच्याला फोन लावायचा नाही.

---

फुकटचा_सल्ला
रविवार, सकाळी १०:०२

दोघांना +१. वाटणीपत्र काय, सातबारा काय. पुढचा धागा तलाठ्याला काढायला सांगा.

---

रात्रपाळी_मिरज
पुढचा शुक्रवार, पहाटे ३:५५

ताई, घेतला. दुसऱ्या पाळीवरून साडेबाराला घरी आलो, जेवलो, दिवा घालवला.

जुने कंट्रोल ठेवले. वर दाबलं की जिल तिच्या तोंडासमोर चालते, डावं-उजवं दाबलं की जागच्या जागी फिरते. भाच्याला फोन लावणार नव्हतो, पण त्याचाच आला. व्हिडिओवर बघून म्हणाला, "मामा, ही ट्रकसारखी का वळते?" त्याला सांगितलं झोप म्हणून. मला मात्र डोक्याने आठवायच्या आधी बोटांनी आठवलं. सव्वीस वर्षं झाली तरी.

दिवाणखाना तोच. जेवणाची खोली तीच, घड्याळ तेच. बाजूचा बोळ, टोकाला तो पाठमोरा. मान वळवली. हसलो मी. म्हटलं, ओळखलंस का?

मग तो कुत्र्यांचा बोळ आला. इथे मला आव आणायचा होता. पन्नास वेळा जिथे माती खाल्ली तिथे आज एकही चूक नाही, असं ठरवून दाराशी थांबलो. पिस्तूल भरून घेतलं. पावलं मोजली. खिडकीजवळ आलो, बोट बटणावर. काच तडकली.

आणि काहीच आलं नाही.

मी तसाच उभा. काचेला नुसती भेग. बाहेर वारा. एक मिनिट, दोन मिनिटं. कुत्रं नाही. मंडळी, त्या बोळात माझी कधी एवढी तंतरली नव्हती. पार्लरमध्ये येणार हे माहीत होतं, आता येणार नाही हे माहीत नव्हतं. तिथून पळालो ते थेट दोन खोल्या पुढे. आणि तासाभराने किल्ली घेऊन, आपल्याच तंद्रीत, त्याच बोळातून परत येत होतो तेव्हा आली. दोन्ही खिडक्यांतून का एकाच, बघायला थांबलो नाही. कंट्रोलर पायावर पडला. बायको उठून आली, "काय झालं?" म्हटलं, मांजर.

ठाणे_स्लो, तुमचं पाचव्याबद्दलचं पटलं. तो मी भाच्याबरोबर पुन्हा खेळेन. हा नाही खेळणार त्याच्याबरोबर.

आणि ताई, एक सांगायचं राहिलं. त्यानंतर धापा टाकत एका खोलीत शिरलो, दार लावलं, तिथे टाइपरायटर होता. संगीत एकदम शांत. रिबन होत्या पिशवीत. आयुष्यात पहिल्यांदा त्या मशीनवर बसलो. खट खट खट आवाज आला, आणि पडद्यावर माझ्या नावाची नोंद झाली. एक रिबन गेली. थोडा वेळ तसाच बसून राहिलो, मशीन बंद करावंसं वाटेना.

आता पिशवीत दोन उरल्यात. पुढे अंगणाकडे जाणारं दार आहे, तब्येत पिवळी दाखवतेय, गोळ्या सात. पाच वाजता नळाला पाणी येतं, तेव्हा उठायचंच आहे. आणखी एक वापरून झोपू, की ठेवू?

---

टंकलेखिका
शुक्रवार, सकाळी ६:१०

ठेवा.